चाळीस पायांची गोम

शनिवारी सकाळी मामाचा फोन आला की समजायचं, मशीन बंद पडलंय. एरवी तो रविवारी दुपारी करतो, जेवण झाल्यावर, "लग्नाचं काय ठरवलंस?" हे विचारायला.

"अरे, मोकळा आहेस का? ये जरा गाळ्यावर. तुझ्या लाइनचं काम आहे."

आता माझी लाइन कुठली हे खरं सांगायचं तर मलाही नीटसं माहीत नाही. शिकलो इलेक्ट्रॉनिक्स, २०१९ ला डिग्री घेतली आणि तेव्हापासून ऐरोलीत एसीत बसून एका परदेशी विमा कंपनीच्या जावा कोडमधले बग वेचतोय. पण घरच्यांच्या हिशेबात जिला वायर आहे ती प्रत्येक वस्तू म्हणजे माझी लाइन. मिक्सर, गिझर, आत्याचं बीपी मोजायचं यंत्र, सगळं. नाही म्हणायची सोय नाही, कारण मग "चार वर्षं काय शिकलास?" हा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नसतं.

असो. घणसोलीहून गाडी पकडली, कोपरखैरणे गेलं, तुर्भ्याला उतरलो.

मामाचा गाळा तुर्भे एमआयडीसीत आहे. एपीएमसीचा मसाला बाजार जवळ, त्यामुळे हळद, मिरची, धणे तिथून येतात आणि मामाकडे छोट्या पाउचमध्ये भरले जातात. गाळ्यात पाऊल टाकलं की पहिली दोन मिनिटं शिंकण्यात जातात. मामाला आणि त्याच्या तिघा कामगारांना काही होत नाही, त्यांची नाकं मेली आहेत असं मामी म्हणते.

पाउच मशीन २००३ सालचं. वरून छापील प्लॅस्टिकचा रोल खाली येतो, एक डोळा त्यावरची काळी खूण बघतो, दोन गरम जबडे पाउच सील करतात, वरून मसाला पडतो, खाली कटर कापतो. डोळ्याने खूण पाहिली की कुठला क्लच किती वेळ ओढायचा, कधी कापायचं, किती पाउच झाले, हे सगळं बाजूच्या लोखंडी पॅनेलमधलं एक कार्ड ठरवतं. आणि गेले दोन महिने हे कार्ड मनाला येईल तेव्हा संप करत होतं. सकाळी चालू केलं की तासाभराने मशीन मधेच थांबायचं, नाहीतर पाउच भलतीकडेच कापायचं. म्हणजे खुणेच्या जागी कापायच्या ऐवजी ब्रँडच्या नावाच्या मधोमध.

मामाने यावर उपाय शोधला होता. पॅनेलच्या उजव्या कुशीत, खालून साधारण एक वीतभर वर, उघड्या पंजाने एक थप्पड. मशीन सुरू.

"फोटोसेल बदलला, सप्लाय बदलला, रोलवाल्याशी भांडलो," मामा सांगत होता. "शेवटी ही थप्पडच लागू पडते. पण आता एका थपडेत भागत नाही रे."

मंडळी, आमच्या धंद्यात याला 'रीस्टार्ट करून बघा' म्हणतात आणि त्याचे डॉलरमध्ये पैसे घेतात. पण थपडेने सुरू होणारी गोष्ट सॉफ्टवेअरची नसते, एवढं अजून विसरलो नव्हतो. कुठेतरी काहीतरी सैल होतं.

मेन स्विच बंद करून, एमसीबी पाडून पॅनेल उघडलं. आत हळदीचा पिवळा थर. ब्रशने झाडला तेव्हा खाली हिरवं कार्ड दिसलं आणि त्याच्या मध्यावर ती बसलेली. काळी, लांबट, दोन्ही बाजूंना वीस वीस पाय. चाळीस पायांची गोम. अंगावर अॅटमेलचं नाव आणि एटी८९सी५१.

कॉलेजात असलेल्यांना हे नाव ऐकून एकतर गहिवरून येईल नाहीतर व्हायव्हा आठवून पोटात गोळा येईल. इंटेलने १९८० साली ८०५१ नावाचा मायक्रोकंट्रोलर काढला. एकाच चिपमध्ये प्रोसेसर, प्रोग्रॅमसाठी ४ किलोबाइट, डेटासाठी १२८ बाइट. त्याची गादी मग अनेक कंपन्यांनी चालवली, त्यात अॅटमेलची ही सी५१ आपल्याकडे घरोघरी पोचली. (घरोघरी म्हणजे लॅमिंग्टन रोडवरून जेवढ्या घरी पोचता येतं तेवढ्या.) पुढे अॅटमेललाच २०१६ मध्ये मायक्रोचिपने विकत घेतलं. सी५१ चं उत्पादन कधीचंच थांबलं, तिची जागा एस५१ आणि एस५२ ने घेतली. चार किलोबाइट म्हणजे किती, तर मामा रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर जो सूर्योदयाचा फोटो टाकतो त्यात असे कित्येक प्रोग्रॅम बसतील. आणि तेवढ्यावर हे मशीन वीस वर्षांहून अधिक काळ मसाला भरतंय.

मी चिपवर अंगठा ठेवून हलकेच दाबलं. करकर्‌ असा बारीक आवाज आला आणि चिप खाली बसली. जवळजवळ एक मिलिमीटर!

दुखणं कळलं. याला चक्क एक नाव आहे, चिप क्रीप. मशीन चालू असताना पॅनेल तापतं, रात्री थंड होतं. प्रत्येक तापण्या-निवण्यात चिप बेसमधून केसभर वर सरकते. एका दिवसात काही नाही, पण वीस वर्षांचे दिवस मोजा. त्यात बेसच्या पत्र्याच्या स्प्रिंगा सैल झालेल्या, खाडीची खारी हवा, पाय काळवंडलेले. थपडेने चिप जरा हलायची आणि संपर्क पुन्हा जुळायचा.

पॅनेल लावलं, मशीन सुरू केलं, मस्त चाललं. मामाने समोसे मागवले. मी हिरो.

बरोबर तेराव्या दिवशी पुन्हा फोन.

*

आता दाबून भागणार नव्हतं. चिप बाहेर काढायची, पाय साफ करायचे, जुना बेस काढून नवा बसवायचा, चिप परत लावायची. लिहायला एक ओळ. पण चिपच्या पाठीवर एक पांढरी चिठ्ठी होती, आणि तिच्यावर बॉलपेनने लिहिलं होतं, 'फायनल २'. (जगातले सगळे प्रोग्रॅमर सारखेच, हे बघून बरं वाटलं.)

"मामा, हे कार्ड ज्यांनी बनवलं त्यांच्याकडे याचा प्रोग्रॅम असेल ना?"

"ते गेले रे. आठ-दहा वर्षं झाली. एकटेच करायचे सगळं, घरातच. मुलाला विचारलं मी, तो म्हणाला बाबांचा कॉम्प्युटर केव्हाच भंगारात दिला."

म्हणजे 'फायनल २' ची जगात एकच प्रत होती आणि ती माझ्या नाकासमोर होती. आमच्या ऑफिसात मी एक स्वल्पविराम बदलला तरी तो तीन खंडांत साठवला जातो. इथे मामाचं घर, तिघांचे पगार, मावसबहिणीची फी, सगळं एका गोमेच्या पोटात. मामाने नवीन कंट्रोल बसवायचा आकडा एका पॅनेलवाल्याकडून काढला होता. तो ऐकल्यापासून, मामीच्या म्हणण्यानुसार, तो दोन दिवस जेवताना बोलला नव्हता.

आणि एक गोष्ट मामाला माहीत नव्हती. मी याआधी एक चिप मारलेली आहे.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. सगळ्यांसारखा आम्हीही आर्डुइनो युनोवर केला होता. युनोमधली अॅटमेगा३२८पी चिप बेसमध्ये असते, त्यामुळे एक सोय असते: युनोवर प्रोग्रॅम भरायचा, चिप काढायची आणि आपण बनवलेल्या कार्डावर बसवायची. सोबत १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि दोन छोटे कपॅसिटर. एक्स्टर्नलसमोर नुसतं विकतचं युनो ठेवण्यापेक्षा स्वतःचं कार्ड ठेवलं की वजन पडतं. कार्ड माझ्या पार्टनरने बनवलं होतं, रात्र रात्र जागून, फेरिक क्लोराइडने बोटं पिवळी करून. आदल्या रात्री मी म्हटलं, "एक छोटासा बदल आहे, पाच मिनिटं." चिप काढायला हाताशी काय, तर लाइटीचा टेस्टर. घातला एका टोकाला आणि उचकटला. ते टोक टुणकन वर आलं आणि दुसऱ्या टोकाचे पाय बेसमध्येच राहून काटकोनात वाकले. ते मी बोटांनी सरळ केले. पुन्हा बसवताना वाकले, पुन्हा सरळ केले. तिसऱ्यांदा अठ्ठाविसावा पाय माझ्या हातात आला.

अठ्ठावीस नंबर म्हणजे नेमकी डिस्प्लेकडे जाणाऱ्या दोन तारांतली एक. दुसऱ्या दिवशी एक्स्टर्नलसमोर डिस्प्ले कोरा. बाकी सगळं चालत होतं, पण चालतंय हे दाखवणारंच काही नव्हतं. पार्टनर पंधरा मिनिटं तोंडाने समजावत राहिला. चिप मी मोडली असं त्याने सांगितलं नाही. नंतर मलाही काही बोलला नाही आणि मीही कधी विषय काढला नाही. तो आज पुण्यात गाड्यांच्या कंट्रोलरवर काम करतो, म्हणजे आमच्यातला खरा इंजिनिअर तोच. दिवाळीला मेसेज, वाढदिवसाला मेसेज, एवढंच उरलं होतं.

त्याला फोन लावायला मला अख्खा बुधवार लागला.

सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "टेस्टर घेऊ नकोस."

आणि दोघंही हसत सुटलो. सात वर्षं उशिरा का होईना.

*

पुढचं जे सांगतोय ते निम्मं त्याचं आणि निम्मं माझ्या फजितीचं आहे. कुणाच्या मामाचं मशीन वाचलं तर वाचलं.

पहिली गोष्ट जागेची. मशीनशेजारी चिप काढायची नाही. प्लॅस्टिकचा रोल रोलरवरून सरकतो तेव्हा नुसती स्थिर वीज तयार होत असते; चालत्या मशीनजवळ हात नेला की हातावरचे केस उभे राहतात, मामाचे कामगार नवीन माणसाला मुद्दाम दाखवतात. आपल्याला चटका जाणवायला साधारण तीन हजार व्होल्टच्या आसपास लागतात. चिपचं आतलं काम त्याच्या कितीतरी आधीच आटोपू शकतं आणि बाहेरून काहीही दिसत नाही. म्हणून अख्खं कार्ड पॅनेलमधून सोडवून (आधी प्रत्येक वायरीला नंबराची चिठ्ठी, मग फोटो, मग पुन्हा एकदा फोटो) मामाच्या ऑफिसातल्या लाकडी टेबलावर आणलं. पावसाळा होता हे एक बरं, दमट हवेत स्थिर वीज कमी साठते. तरी मामाला एसी बंद करायला लावला आणि मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधला. त्या पट्ट्याच्या तारेत एक मेगाओहमचा रेझिस्टर असतो, तो चिपसाठी नसून आपल्यासाठी असतो. चुकून दुसरा हात लाइव्ह वायरला लागला तर आपण थेट अर्थला बांधलेले नको. पट्टा नसेल तर निदान अर्थ असलेल्या उघड्या धातूला अधूनमधून हात लावत राहावं.

मामा मदतीला म्हणून थर्मोकोलचा तुकडा घेऊन आला. "यात खोचून ठेव, पाय मोडायचे नाहीत." मी असा काही ओरडलो की बाहेरचा कामगार आत डोकावला. कॉलेजात आम्ही सगळेच आयसी थर्मोकोलमध्ये खोचायचो, दिसायला फार सुबक दिसतं. पण थर्मोकोल म्हणजे स्थिर विजेचं माहेरघर. दुकानात जो काळा फोम मिळतो तो वीज वाहू देतो, म्हणून सगळे पाय एकाच पातळीवर राहतात. तो नव्हता, तेव्हा मामीच्या डब्यातली चपात्या गुंडाळायची फॉइल घेतली आणि थर्मोकोलवर दोन घड्या करून ताणून बसवली. आता चालेल. मामा खूश, त्याचा थर्मोकोल वाया गेला नाही.

दुसरी गोष्ट दिशेची. चिपच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते, तिच्या डावीकडचा पाय एक नंबर, तिथून उलट्या घड्याळाच्या दिशेने मोजत जायचं. बेसलाही तशीच खाच असते, पण बेस उलटा सोल्डर केलेली कार्डं मी पाहिली आहेत, म्हणून विश्वास फक्त फोटोवर. कार्डावर मार्करने बाण काढून ठेवला.

तिसरी गोष्ट पार्टनरने विचारली म्हणून कळली. "बेसच्या खाली काय आहे बघ." मी म्हटलं, खाली काय असणार, कार्ड. "टॉर्च मारून बघ रे." मारला. मोठ्या बेसची चौकट मधे पोकळ असते आणि जागा वाचवायला काही लोक त्या पोकळीत इतर भाग बसवतात. चिपच्या पोटाखाली क्रिस्टल आडवा झोपलेला होता! १२ मेगाहर्ट्झचा असणार (ते चिप काढल्यावर वाचलं). ८०५१ ला एका साध्या सूचनेला क्रिस्टलचे बारा ठोके लागतात, म्हणजे बरोबर एक मायक्रोसेकंद. हिशेब सोपा म्हणून बारा. मी नेहमीसारखा स्क्रू ड्रायव्हर आतपर्यंत खुपसला असता तर चिप वाचून क्रिस्टल गेला असता.

आता काढणं. यासाठी एक चिमटा मिळतो, इंग्रजी यू सारखा, टोकं आत वळलेली. चिपच्या दोन्ही टोकांखाली अडकवायचा आणि ओढायचं. पार्टनरचं त्याबद्दल मत वाईट आहे. चाळीस पायांची पकड असते, म्हणून आपण जोर लावतो, लावतो, लावतो आणि मग ती एकदम सुटते, तीही एकाच बाजूने. पुढे काय होतं ते वर सांगितलंच आहे. माझा मुळातला गुन्हा टेस्टरचा नव्हता, एकाच टोकाने उचकटण्याचा होता. पायांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर, लांबी मोठी, आणि शेवटचे पाय बिजागरीसारखे वापरले की ते वाकणारच.

तेव्हा दोन बारीक, चपट्या तोंडाचे स्क्रू ड्रायव्हर घेतले, घड्याळवाल्याकडे असतात तसे. एक पातं चिप आणि बेस यांच्या फटीत, फक्त टोकापुरतं. बेस आणि कार्ड यांच्या फटीत नाही. घाईत तीच फट मोठी दिसते, आणि तिथे जोर लावला की बेससकट कार्डावरच्या तांब्याच्या रेषा उखडतात. पातं आत गेलं की तरफेसारखं उचकटायचं नाही, किल्लीसारखं फिरवायचं, अगदी थोडं. केसभर उचललं की थांबायचं. मग दुसऱ्या टोकाला जायचं आणि तेवढंच. पुन्हा पहिल्या. पुन्हा दुसऱ्या. चिप सगळा वेळ कार्डाला समांतर राहिली पाहिजे.

बस. एवढंच तंत्र आहे. पण ते करताना मामा माझ्या डाव्या खांद्यावरून बघतोय, मामी दारात चहा घेऊन उभी आहे आणि कुणी श्वास घेत नाहीये अशी परिस्थिती असली की पातं थरथरतं. पहिल्या चार फेऱ्यांत काहीच हललं नाही, मला वाटलं पाय बेसमध्ये गंजून चिकटलेत. त्यावर बाटलीतलं आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन-दोन थेंब सोडलं, पाच मिनिटं थांबलो, चहा घेतला. पाचव्या फेरीला बारीक टक्‌ असा आवाज आला.

काळजात धस्स झालं. मामाने डोळे मिटलेले मी पाहिले.

काही तुटलं नव्हतं. एक पाय सुटल्याचा आवाज होता. मग टक्‌, टक्‌, एकेक पाय सुटत गेले. शेवटी चिप नुसती टेकलेली उरली, तेव्हा दोन्ही टोकांना बोटं लावून सरळ वर उचलली आणि फॉइलवर ठेवली. मोबाइलवर वेळ पाहिली, चहासकट पंचवीस मिनिटं गेली होती.

मोजले. चाळीस.

एकवीस नंबरचा, कोपऱ्यातला, जरासा आत झुकला होता. तो लांब चोचीच्या पकडीत चपटा धरून एकदाच सरळ केला. एकदाच. धातू पहिल्यांदा वाकणं सहन करतो, प्रत्येक वेळी मुळाशी थोडा थोडा मरतो. सरळ करून पूर्ण ओळंब्यात आला नव्हता, पण मी हात काढून घेतला. कॉलेजात मी तो आणखी चांगला करायला गेलो असतो.

*

चिप बाहेर होतीच, तर तिची नक्कल निघते का हे बघायचा मोह झाला. तुर्भ्यातच पुढच्या गल्लीत ड्राइव्ह आणि कार्डं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे प्रोग्रॅमर आहे. त्यावरचा बेस वेगळा असतो, दांडी उचलली की पकड सुटते, चिप अलगद ठेवायची, दांडी पाडली की पकडते. ज्यांना दिवसातून पन्नासदा चिप काढावी लागते त्यांच्यासाठी. खरं तर सी५१ मध्ये प्रोग्रॅम भरायला ती दर वेळी कार्डावरून काढावीच लागायची, नंतरच्या एस५२ मध्ये जागच्या जागी भरायची सोय आली. म्हणून तर जुन्या कार्डांवर बेस असतोच.

स्क्रीनवर 'रीड' च्या बटणाला खेटून 'इरेज' चं बटण होतं. या चिपला पुसून कोरी करायला दहा मिलिसेकंद लागतात, डेटाशीटमध्ये आहे. सेकंदाचा शंभरावा भाग! मी त्या गृहस्थांचा माउसवरचा हात धरून ठेवला होता, शब्दशः. त्यांनीही रागावून घेतलं नाही.

वाचता आलं नाही. चिपमध्ये लॉकचे तीन बिट असतात, ते लावले की आतला प्रोग्रॅम बाहेर काढता येत नाही. काकांनी ते लावले होते. त्यांचं चूक नाही, पोटापाण्याचा धंदा होता, उद्या कुणीही नक्कल करून कार्ड विकलं असतं. ते लॉक उघडायचा एकच सरळ रस्ता आहे, सगळं पुसणं.

म्हणजे प्रत अजूनही एकच.

त्याच गृहस्थांनी जुना बेस काढला. मी म्हटलं पंपाने सोल्डर ओढून सबंध काढणार असाल, तर हसले. कटरने बेसची प्लॅस्टिकची चौकट तुकडे तुकडे करून आधी मोडली आणि मग एकेक पिन गरम करून चिमट्याने वेगळी उपसली. "बेस दहा रुपयांचा आहे, कार्ड नाही," म्हणाले. नवीन बेस मी आदल्या शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून आणला होता, गोल पिनचा, खरादलेल्या पिना असतात तो. साध्या पत्र्याच्या बेसपेक्षा महाग, पण पकड घट्ट. तोटाही तोच, यातून चिप काढणं आणखी कठीण.

चिपचे पाय अल्कोहोलने पुसले, काळे होते ते खोडरबराने हलके घासले आणि रबराचा भुगा ब्रशने झाडला. मग बाणाकडे बघून, फोटोकडे बघून, पुन्हा बाणाकडे बघून चिप टेकवली. सगळे चाळीस पाय आपापल्या भोकाच्या तोंडाशी आहेत हे टॉर्चने पाहिलं. एखादा बाहेर राहून पोटाखाली दुमडला जातो आणि वरून सगळं छान दिसतं. दोन्ही अंगठ्यांनी, सारख्या दाबाने, खाली.

कार्ड पॅनेलमध्ये, वायरी नंबराप्रमाणे, एमसीबी वर, मेन स्विच. जबडे तापायला दहा मिनिटं. मग मामाने हिरवं बटण दाबलं.

पहिले तीन पाउच वेडेवाकडे गेले, ते रोल लावल्यावर जातातच. चौथा बरोबर खुणेवर कापला. मामी म्हणाली, "झालं?" मी पार्टनरला चौथ्या पाउचचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "डिस्प्ले चालू आहे का?"

त्याला आता नऊ आठवडे झाले. मशीन थांबलेलं नाही. मामा मात्र रोज सकाळी चालू करताना पॅनेलला थप्पड मारतोच. मी सांगून थकलो. आता हळू मारतो म्हणतो.

आणि माझे शनिवार गेले. पार्टनर म्हणाला, प्रोग्रॅम वाचता येत नसेल तर मशीनला विचारून परत लिहू, चिप जिवंत आहे तोवर. म्हणून मी दोनशे पानी वही घेऊन मशीनसमोर स्टुलावर बसतो, शिंकतो आणि लिहितो. डोळ्याने खूण पाहिल्यावर किती वेळाने कुठला रिले ओढला जातो, रोल संपला तर काय होतं, पाउच अडकला तर काय. सगळ्यात जास्त मदत मामाची होते, वीस वर्षांत त्याला प्रत्येक टकटक पाठ झाली आहे. वहीची एकतीस पानं झाली. पुण्याहून पार्टनर दर रविवारी फोन करून पान नंबर सांगून प्रश्न विचारतो, आणि मी 'बघून सांगतो' म्हणतो.

सहा नंबरचा रिले तेवढा अडलाय. दर शंभराव्या पाउचला तो एकदा टक्‌ करतो. त्याच्यापासून निघालेली वायर पॅनेलच्या भिंतीपर्यंत येते आणि तिथे टेप गुंडाळून संपते. मामा म्हणतो, पूर्वी बझर असावा. मामी म्हणते, बझर कधीच नव्हता.